पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा?



वर्गांत गुरुजी नसतांना मॉनिटरनें गडबड करणाऱ्या मुलांचीं नांवें फळ्यावर लिहावीं, अशी शाळाशाळांतून जुनी वहिवाट आहे. फळ्यावरचें नांव सर्वांस दिसतें. ज्याचें नांव चुकीनें लिहिलें गेलें, तो गुरुजी आल्यावर उठून आपली बाजू सांगूं शकतो, आणि शेजारचे त्याची साक्ष देतात. परंतु तोच मॉनिटर फळ्याऐवजीं खिशांतल्या वहींत गुपचूप नांवें लिहूं लागला, आणि ती वही गुरुजींखेरीज कोणासही दाखवीनासा झाला, तर काय होईल? आपलें नांव वहींत आहे कीं नाहीं, हेंच मुलांस कळणार नाहीं. मग खोट्या नोंदीचें निवारण कसें व्हावें?

गेल्या वर्षीं नागरिकशास्त्राच्या तासाला कुंडलच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें कीं, सरकारचे गुप्तहेर चुकले तर त्यांना जाब कोण विचारतो? त्या वेळीं दिलेलें उत्तर आमचें आम्हांसच अपुरें वाटलें. तें येथें पुरें करण्याचा यत्न करीत आहों.

हेरच नकोत, असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. शत्रूचा बेत आधीं कळला नाहीं, तर निरपराध माणसें प्राणांस मुकतात. शिवछत्रपतींच्या पदरीं बहिर्जी नाईक होते, हें लहान मूलही जाणतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत हेरांचें विस्तारानें वर्णन आहे. परंतु एकाच हेराच्या शब्दावर राजानें विसंबूं नये, तिघांच्या वार्ता जुळल्या तरच खऱ्या मानाव्या, आणि वारंवार चुकीची वार्ता आणणाऱ्यास शासन करावें किंवा कामावरून दूर करावें, असाही दंडक तेथें आहे. म्हणजे हेराची परीक्षा घेण्याची गरज त्या काळींही ओळखलेली होती. मात्र ती परीक्षा राजाच्या हितासाठीं होती. ज्याच्याविरुद्ध खबर गेली, त्या प्रजाजनास तिचा उपयोग नव्हता.

त्या प्रजाजनाची अवस्था कशी असते, हें कुंडलइतकें थोड्या गांवांनीं अनुभवलें असेल. स्वातंत्र्यापूर्वीं कुंडल औंध संस्थानांत होतें. आजूबाजूस इंग्रजी अंमलाचा सातारा जिल्हा पसरलेला असल्यानें हद्दी एकमेकींत गुंतलेल्या, आणि त्यामुळें भूमिगतांना आसरा मिळे. १९४३ ते १९४६ या काळांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं या भागांत प्रतिसरकार चाललें. कुंडलचे जी. डी. बापू लाड यांच्या पुढाकारानें तूफान सेना उभी राहिली, आणि ७ जून १९४३ रोजीं शेणोलीनजीक सरकारी पगार घेऊन जाणारी आगगाडी लुटली गेली. मग गांवोगांवीं पोलीस फिरूं लागले, आणि त्यांच्या पुढें खबरे. आमच्या लहानपणीं शेजारीं एक वृद्ध आजी राहत असत. मुलगी असतांना त्या भूमिगतांसाठीं रानांत भाकरी पोंचवीत. पोलिसाचें आपणांस भय वाटलें नाहीं, कारण तो दुरून दिसे; भय वाटलें तें रोज पाणवठ्यावर हंसून बोलणाऱ्या माणसाचें, असें त्या सांगत. गुप्त नजरेनें केवळ गुन्हेगारच भितो असें नव्हे, तर शेजाऱ्याचा शेजाऱ्यावरील विश्वासही आटतो, हें आम्ही प्रथम त्यांच्याकडून शिकलों.

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रतिसरकारही खबऱ्यांना कडक शिक्षा देई. परंतु अमुक मनुष्य खबऱ्या आहे, हें ठरविण्यांतच चूक झाली, तर त्यानें दाद कोठें मागावी? हेतु कितीही उदात्त असो, जेथें आरोप अंधारांत होतो तेथें हा प्रश्न उभा राहतोच.

आतां आजच्या व्यवस्थेकडे वळूं. आपल्या देशाचें इंटेलिजन्स ब्यूरो हें खातें आपलें मूळ १८८७ सालच्या एका सरकारी आदेशापर्यंत नेतें. परकी सत्तेनें तें आपल्या सोयीसाठीं उभारलें. देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, तरी या खात्याचे अधिकार व मर्यादा सांगणारा स्वतंत्र कायदा संसदेनें केलेला नाहीं. परदेशांतील वार्ता जमविणारी रॉ ही संस्था १९६८ सालीं स्थापन झाली. तिचीही तीच स्थिति आहे. २०११ सालीं लोकसभेंत अशा कायद्यासाठीं एक खासगी विधेयक मांडलें गेलें, परंतु त्याचा कायदा झाला नाहीं. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यांतूनही या संस्था वगळलेल्या आहेत; भ्रष्टाचार व मानवी हक्कांचें उल्लंघन या दोन बाबींपुरताच दरवाजा किलकिला ठेविला आहे.

मग अंकुश मुळींच नाहीं काय? आहे, पण तो अर्धा आहे. टेलिफोन चोरून ऐकण्याचा अधिकार सरकारास १८८५ च्या तार कायद्यानें दिला होता. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यास मर्यादा घातल्या: आदेश गृहसचिवाच्या पातळीवरूनच निघावा, त्यास मुदत असावी, आणि एका समितीनें तो तपासावा. २००७ सालीं त्याचे नियम झाले. एक आदेश ६० दिवसांचा, आणि वाढवून जास्तींत जास्त १८० दिवसांचा. जुन्या कायद्याची जागा आतां २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें घेतली आहे, परंतु सांगाडा तोच राहिला. तपासणी समिति केंद्रांत मंत्रिमंडळ सचिवांच्या, तर राज्यांत मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालीं असते. म्हणजे आदेश देणारे सरकारी अधिकारी, व तपासणारेही सरकारी अधिकारीच. तींत न्यायाधीश नाहीं, लोकांनीं निवडलेला प्रतिनिधीही नाहीं. मॉनिटरची वही मॉनिटरच्याच मित्रानें तपासावी, तसा हा प्रकार होतो.

प्रकरण न्यायालयापर्यंत पोंचलें म्हणजे काय घडूं शकतें, याचें उदाहरण मुंबईचेंच आहे. लांच दिल्याचा आरोप असलेल्या एका व्यापाऱ्याचा टेलिफोन ऐकण्याचे तीन आदेश २०१९ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें रद्द केले, आणि ध्वनिमुद्रणें नष्ट करण्यास फर्माविलें. कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, ही कायद्याची अट तेथें पुरी होत नव्हती. पण त्या व्यापाऱ्यावर खटला झाला, म्हणून त्यास हें कळलें. ज्याच्यावर खटलाच होत नाहीं, त्यास कधींच कळत नाहीं.

कोणी म्हणेल, फार विचारपूस केली तर हेरांचे हात बांधले जातील. परंतु अनुभव निराळा आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर हल्ला होऊन १६६ माणसें मृत्यु पावलीं. त्यानंतर महाराष्ट्र सरकारनें राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखालीं द्विसदस्य समिति नेमली. आधीं आलेल्या सूचनांचा मेळ घालून त्यांवर पद्धतशीर कार्यवाही झाली नाहीं, हा दोष तिनें दाखविला. हा जाब आपत्ति ओढवल्यावर विचारला गेला. तो नियमानें विचारला जात असता, तर दोष आधींच दिसण्याचा संभव होता. विचारपूस जशी निरपराध्यास वांचविते, तशीच आळशी पहारेकऱ्यास जागेंही ठेविते.

इतर देशांनीं काय केलें, तें पाहावें. इंग्लंडचें अंतर्गत हेरखातें १९०९ पासूनचें. त्यास कायद्याची चौकट मिळाली १९८९ सालीं, आणि १९९४ च्या कायद्यानें संसद सदस्यांची देखरेख समिति झाली. अमेरिकेंत १९७५-७६ सालीं सिनेटच्या चौकशींत, गुप्तहेर खातें वर्षानुवर्षें नागरिकांचीं पत्रें उघडीत होतें, हें बाहेर आलें; १९७८ सालीं हेरखात्यांच्या देशांतर्गत इलेक्ट्रॉनिक पाळतीसाठीं विशेष न्यायालयाची परवानगी आवश्यक करण्यांत आली. तेथें सर्व कांहीं निर्दोष झालें असें नाहीं. परंतु विचारण्याची जागा तरी ठरली.

मुलांनो, शेवटीं एक गोष्ट सांगतों. इंग्रज अमदानींत मुंबई सरकारच्या दप्तरांत लोकमान्य टिळकांसारख्यांवर गुप्त टिपणें लिहिलीं जात होतीं. स्वातंत्र्यानंतर, १९५७ व १९५८ सालीं, मुंबई सरकारनें आपल्या जुन्या दप्तरांतील असे कागद निवडून छापले. ज्यांच्याविषयीं तीं टिपणें होतीं, त्यांना तीं वाचतां आलीं नाहींत. तीं वाचलीं नातवंडांनीं. लोकराज्यांत इतका उशीर होतां कामा नये. गुपित गुपितच राहूं द्यावें. पण तें राखणाऱ्यास विचारणारा कोणी तरी असावा, आणि तो त्याच्या घरचा नसावा.

तुमच्यापैकीं कोणी उद्यां पोलीस होईल, कोणी न्यायाधीश, कोणी आमदार. सर्वजण मतदार तर होणारच. त्या वेळीं कुंडलच्या त्या मुलानें विचारलेला प्रश्न पुन्हा विचारा, आणि उत्तर अपुरें वाटलें तर आम्हीं स्वस्थ बसून जो वेळ दवडला, तो तुम्ही दवडूं नका.