लाउंजचं दार कोणासाठी उघडतं?

एअर इंडिया जुलै 2014 मध्ये स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आली, आणि तिच्या वरच्या श्रेणीतल्या सभासदांना परदेशी भागीदार कंपन्यांच्या लाउंजमध्येही प्रवेश मिळू लागला. मात्र कार्डावर ‘स्टार अलायन्स गोल्ड’ ही खूण हवी. सिल्व्हरवाल्याला या नियमाने लाउंज मिळत नाही.

नुसतं कार्डही पुरत नाही. लाउंज ज्या विमानतळावर आहे तिथून सुटणाऱ्या स्टार अलायन्सच्याच विमानाचा बोर्डिंग पास लागतो. मुंबईहून लुफ्थान्साने फ्रँकफर्टला निघालात तर चालतं, इंडिगोने निघालात तर नाही, कारण इंडिगो या गटात नाही. तिकीट इकॉनॉमीचं असलं तरी हरकत नाही. सोबत एक पाहुणा नेता येतो, पण त्याचाही प्रवास गटातल्याच विमानाने हवा. कार्डाशिवाय, फक्त बिझनेस क्लासच्या तिकिटावर मिळणारा प्रवेश मात्र एकट्यालाच. जोडीने निघालेल्यांनी हे आधीच पाहावं.

एक अपवाद मला अन्यायाचा वाटतो. गटातल्याच अमेरिकी कंपनी युनायटेडच्या स्वतःच्या गोल्ड सभासदाला केवळ अमेरिकेअंतर्गत प्रवासात तिच्या युनायटेड क्लब या लाउंजमध्ये गोल्ड दर्जावर प्रवेश नाही. त्याच विमानाने निघालेल्या एअर इंडियाच्या गोल्ड सभासदाला आहे. अमेरिकेत फिरणाऱ्या आपल्या माणसांनी हा हक्क जरूर वापरावा.

बँकेच्या क्रेडिट कार्डावर मिळणारा लाउंज प्रवेश वेगळा. त्याचे नियम बँक ठरवते.