माझगावची खोली : भिंती घ्यायच्या की हक्क?

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर माझगाव, डॉकयार्ड रोड, दारूखाना, शिवडी हा जो पट्टा आहे, तेथे आजही छोट्या खोल्या विक्रीला निघतात. दोन-सव्वादोनशे चौरस फुटांची जागा, स्टेशन जवळ, बाजार जवळ. गोदीत, पालिकेत किंवा रेल्वेत हयात घालवलेल्या आपल्या माणसाच्या हाती प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी पडली की अशा जागेचा मोह होतो. मोह होणे गैर नाही. परंतु ‘खोली विकणे आहे’ म्हणणारा नेमके काय विकतो आहे, हे टोकन देण्यापूर्वी कळले पाहिजे. आयुष्याची पुंजी एकदाच मिळते.

या किनाऱ्याशी आपले नाते जुने आहे. माझगाव हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. कोकणातून लाँचने येणारा माणूस भाऊच्या धक्क्यावर उतरायचा आणि गोदीत मिळेल ते काम धरायचा. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला, त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच जन्मदिनी गोदीवर हा घाला पडला. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने माझगावातही चाळी बांधल्या. परळला याच ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांचे अनेक वर्षे वास्तव्य होते. पुढे दादरला त्यांनी ‘राजगृह’ बांधले, तेव्हा त्यात ग्रंथांना मानाची जागा दिली.

आता मूळ मुद्दा. या भागात एकाच गल्लीतल्या चार खोल्यांचे हक्क चार तऱ्हेचे असू शकतात.

पहिली तऱ्हा पागडीची. येथे घर विकले जात नाही, भाडेकरूचा हक्क हस्तांतरित होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि या व्यवहारातील रकमेला कायद्याची मान्यता मिळाली. मात्र घरमालकाची संमती हवी आणि भाडेपावती आपल्या नावावर झाली पाहिजे. पैसे जुन्या भाडेकरूला आणि पावती त्याच्याच नावाची, असा व्यवहार म्हणजे फसवणुकीला आमंत्रण. शिवाय पागडीच्या खोलीवर बँका सहसा कर्ज देत नाहीत.

दुसरी तऱ्हा पालिकेच्या चाळीची. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १९३३ मध्ये पालिकेत विलीन झाला. तेथे पालिकेच्या परवानगीशिवाय भाडेकरू बदलता येत नाही. तिसरी तऱ्हा बंदराच्या जमिनीवरील इमारतीची. तेथे जमीन भाडेपट्ट्यावर असते. पट्ट्याची मुदत किती उरली आणि हस्तांतराच्या अटी काय, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. चौथी तऱ्हा नोंदणीकृत सोसायटीची. तेथे भागपत्र, आधीच्या प्रत्येक विक्रीचा नोंदणीकृत करारनामा आणि सोसायटीची थकबाकी तपासावी. जमीन कोणाची आहे, हे मालमत्ता पत्रकावर समजते. केवळ कुलमुखत्यारपत्रावर घराची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

जुन्या इमारतीचा पुनर्विकास होणार, मोठे घर मिळणार, असे दलाल हमखास सांगतो. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतीतील पात्र भाडेकरूला पुनर्विकासात किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राची तरतूद आहे, हे खरे. पण पात्र कोण? १३ जून १९९६ नंतर एका खोलीच्या दोन करून निर्माण केलेल्या भाडेकरूचा वेगळा हक्क धरला जात नाही. आमच्या मंडळाकडे एका निवृत्त गोदी कामगाराचे कुटुंब असेच कागद घेऊन आले. विकणारा दाखवीत होता ती खोली मूळ खोलीतून फळी ठोकून वेगळी केलेली होती. भाडेपावती दोन्ही भागांना मिळून एकच. त्यांनी टोकन दिले नाही आणि जन्माची कमाई वाचली.

इमारतीची प्रकृतीही पाहावी. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोड येथे पालिका कर्मचाऱ्यांची इमारत कोसळून ६१ माणसे दगावली. ती काही ब्रिटिशांच्या काळातील इमारत नव्हती. तीस वर्षांवरील इमारतीचे संरचनात्मक परीक्षण कायद्याने बंधनकारक आहे. तो अहवाल मागावा. इमारत ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक यादीत आहे काय, याची पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात चौकशी करावी.

आता हिशेब. समजा, सोसायटीतील खोलीची किंमत ६० लाख रुपये ठरली आणि सरकारी मूल्य त्याहून जास्त नाही. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ४८ लाख देईल, तेही पगार पाहून. म्हणजे स्वतःचे १२ लाख अधिक ३ लाख ९० हजार, एकूण १५ लाख ९० हजार रुपये हाताशी हवेत. दलाली, वकील आणि रंगरंगोटी वेगळी. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर १ टक्का आयकर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. ती रक्कम विकणाऱ्याच्या पैशांतून कापायची, आपल्या खिशातून नव्हे.

हेच घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वरील उदाहरणात ६० हजार रुपये वाचतात. पण लाभ केवळ पैशांचा नाही. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्यात स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्काचा प्रश्न होता. ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, त्या घराच्या कागदावर घरातल्या बाईचे नाव असावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आणखी एक अडचण उघडपणे बोलली पाहिजे. आडनाव कळले की काही ठिकाणी ‘खोली गेली’ असे उत्तर मिळते. सोसायटीच्या बाबतीत तरी आपण निराधार नाही. सहकारी संस्था कायदा, १९६० च्या कलम २३ नुसार पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज नाकारल्यास निबंधकाकडे दाद मागता येते. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर कलम २२ प्रमाणे अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. म्हणून अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

कोणी थोर सांगतो किंवा दहाजण म्हणतात म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही तथागतांची कालामांना दिलेली शिकवण घरखरेदीलाही लागू आहे. प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार कागद वाचण्यासाठी ठेवावा. आपल्यातले वकील, बँक कर्मचारी, कारकून यांनी दोन तास द्यावेत. कोणाचे टोकन द्यायचे ठरले असेल, तर त्याने आधी त्या रविवारी कागद घेऊन यावे आणि पत्नीलाही सोबत आणावे.

जयभीम!