हिंदनगरचा तळ उठतो

20 जानेवारी 1954. कोरियातला निर्लष्करी पट्टा. भारतीय जवानांनी आपल्या तंबूंच्या वसाहतीला नाव दिलंय ‘हिंदनगर’.

पहाट : थंडी शून्याच्या खाली. पहाऱ्याची पाळी बदलते. काटेरी तारांच्या आत कोरियन युद्धातले सुमारे 22 हजार चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी आहेत, मायदेशी परतायला नकार देणारे. आज ते संयुक्त राष्ट्रांच्या सेनेकडे परत द्यायचे.

सकाळ : कैदी रांगा धरून दक्षिणेकडे निघतात. हातात झेंडे, तोंडी घोषणा. जवानांनी फक्त वाट मोकळी ठेवायची. या कैद्यांचा प्रश्न पाहणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या. पहारा देणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. सप्टेंबरात चिनी कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून नेलं, तेव्हा थोरात स्वतः त्या गोटात शिरले आणि बोलून त्याला सोडवून आणलं. गोळी न चालवता. त्या दिवसाच्या मानाने आजचं काम सोपं दिसतं. दिसतं तेवढंच.

दुपार : ऐनवेळी काही कैदी म्हणतात, आम्हाला मायदेशीच जायचंय. त्यांना बाजूला काढायचं. कैद्यांचं भवितव्य ज्या राजकीय परिषदेत ठरायचं होतं, ती भरलीच नाही. म्हणून थिमय्यांनी कोणाला मुक्तही ठरवलं नाही. ज्यांनी कैदी दिले त्यांच्याच हवाली केले. दोन्ही बाजू चिडल्या. माझ्या मते दुसरा प्रामाणिक मार्गच नव्हता.

बीडच्या ऊसतोड कामगाराला तळ उठवणं शिकवायला नको. ऊसतोडीचा हंगाम संपला की कोपी मोडायला कितीसा वेळ लागतो? मुकादमाकडचा उचलीचा हिशेब तेवढा मागे राहतो. हिंदनगरातल्या कैद्यांचाही हिशेब असाच मागे राहिला.

संध्याकाळ ते रात्र : रांगा सुरूच. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही तर भारतीयांवर आधीपासूनच रुसलेले. त्यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नव्हता. इंचॉनच्या समुद्रातून हेलिकॉप्टरनेच त्यांना इथं आणावं लागलं होतं.

उत्तरेकडच्या लहान छावणीत संयुक्त राष्ट्रांच्या बाजूचे, पण परतायला नकार देणारे अजून 347 कैदी आहेत, त्यांत 21 अमेरिकन. त्यांना परत घ्यायला कम्युनिस्ट बाजू तयार नाही. 22 तारखेच्या मध्यरात्री तिथला पहारा नुसता काढून घेतला जाईल.

फेब्रुवारीत आयोग बरखास्त झाला आणि दल मायदेशी निघालं. दोन्ही बाजू नाकारणारे 88 कैदी त्याच्याबरोबर भारतात आले. पुढे त्यांतले बरेच ब्राझील, अर्जेंटिनाला गेले. मोजके इथेच राहिले.