मक्यावरील लष्करी अळी, मित्रकीटक आणि हवामान



सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा कुटुंबांसाठी मका म्हणजे वर्षाची भाकर. मका बुडाला की तरणी माणसे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि मुलांची शाळा सुटते. म्हणून यावेळी एका अळीविषयी लिहितो.

ही लष्करी अळी मूळची अमेरिका खंडातील. भारतात ती २०१८ साली प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. ती मक्याच्या पोंग्यात शिरून कोवळी पाने खाते. एकदा आत बसली की फवारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. उधारीवर आणलेले औषध मात्र माणसाच्या अंगावर आणि ओढ्याच्या पाण्यात जाते.

यावर देवाच्या सृष्टीतच एक उपाय आहे. ट्रायकोग्रामा नावाची अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी अळीच्या अंड्यात आपले अंडे घालते. मग त्या अंड्यातून अळीऐवजी नवी गांधीलमाशी निघते. ही माशी माणसाला चावत नाही. एका ट्रायकोकार्डावर सुमारे २०,००० अंडी असतात. एकरी ५०,००० या हिशेबाने अडीच कार्डे, आठवड्याच्या अंतराने लावावी लागतात.

अनेक वर्गणीदार विचारतात, “कार्ड एका वेळी गुण देते, दुसऱ्या वेळी का नाही?” याचे मोठे कारण तापमान आहे. कीटकांचे रक्त आपल्यासारखे उबदार नसते, त्यांची वाढ हवेच्या उष्णतेवर चालते. सुमारे २८ अंशांत लष्करी अळीची पिढी महिन्याभरात पुरी होते, थंडीत तिला दोन-तीन महिने लागतात. गांधीलमाशीला २५ ते ३० अंश मानवतात. पारा ३५ च्या वर गेला की ती लवकर मरते, आणि त्याच उन्हात अळीची अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. अंडे फुटल्यावर ही माशी काहीच करू शकत नाही.

म्हणून आम्ही गावोगावी एवढेच शिकवतो. कामगंध सापळ्यात पतंग दिसू लागताच कार्ड लावा, पोंगा कुरतडलेला दिसेपर्यंत थांबू नका. पट्ट्या पानाच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी टाचा. थंडीत माश्या उशिरा निघतात आणि तोवर मुंग्या अंडी खातात, म्हणून निघण्याच्या बेतात असलेलेच कार्ड शेतात न्या. कार्ड लावल्यावर विषारी फवारणी करू नका. अळी आत शिरलीच असेल, तर पावसाळ्याच्या दमट हवेत मेटारायझियम बुरशी पोंग्यात फवारा. कोरड्या उन्हात ती टिकत नाही.

खरी अडचण वाटेत आहे. तालुक्याहून पाड्यापर्यंत जीपच्या टपावर कार्डे तापतात आणि लावण्याआधीच माश्या मरतात. प्रत्येक पाड्याच्या गटाला बर्फाची एक शीतपेटी मिळाली तर हा तोटा थांबेल. आपल्या मंडळीने पुढील खरिपापूर्वी एका पेटीचा भार उचलावा, ही नम्र विनंती.

या कुटुंबांना प्रार्थनेत आठवा. प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.