वाकळेच्या पोटात

घटस्थापनेच्या आधी घर झाडून-सारवून काढायचे आणि घरातले सगळे अंथरूण-पांघरूण नदीवर न्यायचे, ही आमच्या सातारा भागातली जुनी रीत. लहानपणी मी त्या धुण्याबरोबर जात असे ते खडकावर वाळत घातलेल्या वाकळा राखायला. भिजलेली वाकळ एका बाईला उचलत नाही. दोघी दोन टोकांना उभ्या राहून ती उलटसुलट पिळतात, तेव्हा कुठे पाणी निघते. वाळणाऱ्या वाकळांवरचे चौकोन मला ओळखता येत. हा आत्याच्या चोळीचा, हा माझ्या जुन्या सदऱ्याचा. आत काय भरले आहे, हे मात्र मी कधी विचारले नाही. पुढे चाळीस वर्षांनी विचारायची वेळ आली, तेव्हा सांगणारे एकच माणूस उरले होते. ती माझी आत्या.

आधी नावांविषयी. देशावर बहुतेक ठिकाणी गोधडी, आमच्याकडे आणि खाली कोल्हापूरकडे वाकळ. बाळाचे ते दुपटे. चार घड्यांची ती चौघडी. दुपटे आणि चौघडी या नावांतच कृती सांगितली आहे : कापड किती पदरी घ्यायचे ते. संस्कृतातली कंथा आणि बंगालची कांथा याच कुळातल्या. विटलेले कापड थरांवर थर रचून धावदोऱ्याने एकजीव करायचे, एवढीच सगळ्यांची व्याख्या. ठिगळांची नक्षी ही त्यावरची पुढची गोष्ट. हे मला उशिरा कळले. मीही बराच काळ वाकळेची ‘डिझाइन्स’ वहीत उतरवून घेत होतो आणि त्यालाच संशोधन म्हणत होतो.

आता कृती. नऊवारी लुगडे नऊ वार, म्हणजे सुमारे ८.२ मीटर लांब. पन्हा साधारण ४५ इंच धरू, म्हणजे १.१४ मीटर. लांबीत त्याच्या चार घड्या घातल्या की जवळजवळ २.०५ मीटर लांब आणि १.१४ मीटर रुंद असे चार पदर होतात. एका माणसाच्या निजण्याचे माप. कात्री लागत नाही. दोघांसाठी हवी असेल तर लुगडे मधोमध फाडून दोन तुकडे लांबीला लांबी लावून जोडायचे आणि एक घडी घालायची. पाठ, पोट दोन्ही तयार, आणि एक बाजू आपोआप बंद. नऊवारीच्या मापातच पांघरुणाचे माप लपलेले आहे, असे मी म्हणणार नाही. लुगडे काही वाकळेसाठी विणले जात नव्हते. पण पिढ्यान् पिढ्या हाताशी तेच कापड असल्यावर हिशेब त्याच्याभोवती बसत गेला.

कापड जुनेच का, याला गरिबी हे एक कारण आहे, पण एवढेच नाही. नवे सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटते. पाठीचे कापड आटले आणि आतले आटले नाही, की टाके ओढले जातात आणि वाकळ सुरकुतते. शंभर वेळा नदी पाहिलेल्या लुगड्याचे आटणे केव्हाच संपलेले असते. खळ गेलेली, सूत मऊ झालेले. ‘‘नवं कापड आंगाला टोचतं, जुनं आंग वळखतं,’’ असे आत्या म्हणायची. दोऱ्याचेही तेच. दोरा कापडापेक्षा फार बळकट असला तर ताण आल्यावर दोरा टिकतो आणि कापड फाटते. फाटलेले टाके पुन्हा घालता येतात, फाटलेल्या कापडाला ठिगळच लागते. म्हणून दोरा सुतीच.

सुगी उरकली, उन्हाळा लागला, की दुपारी सोप्यात वाकळ पसरायची. चौकट नसते. कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, जे जड हाताला लागेल ते ठेवायचे. थर सरकू नयेत म्हणून आधी हातभर अंतरावर लांब कच्चे टाके. मग खरी शिवण. ती कडेपासून सुरू होते, चारी बाजूंनी फिरत एकेक रांग आत सरकते आणि शेवटी मधोमध संपते. पाश्चात्त्य रजया शिवणाऱ्यांना याच्या उलट शिकवतात : मध्यापासून बाहेर जा, म्हणजे फुगा कडेला निघून जातो. ते तर्काला धरून आहे. मग आमच्या बायका कडेपासून का शिवत? मला वाटते, कारण शिवण सलग होत नसे. आज तासभर, मग चार दिवस काहीच नाही, मधे पाहुणे, मधे आजारपण. काठ आधी बंद झाला की आतल्या चिंध्या सांडत नाहीत. अर्धी वाकळ गुंडाळून फळीवर टाकता येते. शिवायला बसणारी बाईही शिवलेल्या भागावर बसते, तिच्या वजनाने तो भाग हलत नाही. फुगा आत आला तर त्याची बारीक चुणी घालून टाका मारायचा. जुन्या वाकळांच्या मध्यभागी अशा चुण्या बोटाला लागतात.

कष्ट किती? रांगांत दोन सेंटिमीटर अंतर धरले, तर एकेरी वाकळेत सुमारे ११७ मीटर शिवण येते. दर सेंटिमीटरला एक टाका धरला तरी अकरा हजारांहून अधिक टाके. आत्याला हा आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, ‘‘मोजलं असतं तर शिवलीच नसती.’’

ऊब कापडाची नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. वापरून वापरून थर दबतात, हवा कमी होते, वाकळ गार पडते. धुऊन कडक उन्हात टाकली की सूत पुन्हा फुलते. दसऱ्याआधीच्या धुण्याचा थंडीशी असा थेट संबंध आहे.

आपल्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळ भागात, सिद्दी बायका कवंदी शिवतात. सिद्दी मूळचे आफ्रिकी. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले. घरात बरेचजण कोकणी बोलतात. कवंदीही कडेपासून मध्याकडेच जाते. चार कोपऱ्यांवर रंगीत कापडाच्या घड्या घातलेले त्रिकोण लावतात, त्यांना ‘फूल’ म्हणतात. फुलांशिवायची कवंदी त्यांच्या लेखी उघडी, नागवी. हेन्री ड्रूअल या अमेरिकन अभ्यासकाने त्यावर लिहिले आहे. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांचे पुस्तक आहे, तेही इंग्रजीत. बंगाल्यांनी तर कांथेला काव्याचे शीर्षक दिले, जसीमुद्दीन यांनी, १९२९ मध्ये. आपल्याकडे गोधडी मानाला चढली ती संतांच्या अंगावर. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. त्याहून फार मागे, बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवायचे. मगधातल्या बांध घातलेल्या शेतांसारखी त्याची जोडणी असावी, असे बुद्धाने आनंदाला सांगितल्याची कथा विनयपिटकात आहे. ठिगळाला अशी थोरवी मिळाली. शिवणारीचे नाव मात्र कोणत्याच वाकळेवर नसते.

आई गेल्यावर तिची वाकळ माझ्याकडे आली. मध्यभागी विरली होती. आत काय आहे ते पाहायचे, नोंद करायची, मग दुरुस्त करायची, असे ठरवून मी ब्लेड घेऊन बसलो. आत्या खाटेवर होती. पाठ निघाली : आईचे हिरवे लुगडे. त्याखाली वडिलांच्या धोतराचा अर्धा भाग. मग माझी खाकी अर्धी चड्डी, शिवणी उसवून सपाट केलेली. पिठाच्या पोत्याचे कापड, निळी अक्षरे अजून दिसणारी. प्रत्येक थराचे मी माप घेत होतो, वहीत लिहीत होतो. त्याखाली पुन्हा टाके लागले. वेगळे, बारीक, तिरके जाणारे. आईच्या वाकळेच्या पोटात आणखी एक सबंध वाकळ होती.

हे नवल नाही. विरलेली वाकळ टाकत नाहीत, नव्या वाकळेत भरतात. मला ठाऊक होते. तरी हात थांबला. आत्या म्हणाली, ‘‘ती तुझ्या आजीची. माझ्या आईची. तेवढी उसवू नगंस.’’

मी म्हणालो, ‘‘आत्या, आत काय आहे ते कळलं असतं.’’

‘‘कळून?’’

अभ्यासक म्हणून माझ्याकडे उत्तर होते. त्या वाकळेत कदाचित शंभर वर्षांपूर्वीचे कापड असेल. रंग, वीण, पन्हा, सगळे नोंदवता आले असते. अशा नोंदी मराठीत फार थोड्या आहेत. आजही तो मोह गेलेला नाही. पण ज्या बाईने ती वाकळ तिथे ठेवली तिने ती बंद करून ठेवली होती, आणि जिला तिच्याविषयी बोलायचा हक्क होता ती समोर नको म्हणत होती. मी ब्लेड मिटवले. वहीत त्या जागी एवढेच लिहिले : थर पाचवा, आजीची वाकळ, उघडली नाही.

अलीकडे शहरांत पॅचवर्कचा छंद वाढतो आहे. नव्या कापडाचे तुकडे विकत मिळतात, आत पॉलिएस्टरची तयार गादी घालतात, मशीनवर दोन दिवसांत रजई होते. मला त्यात वावगे वाटत नाही. पण कोणाला जुन्या पद्धतीने करायची असेल तर खरी अडचण कापडाची आहे. घरातल्या जुन्या साड्या आता बहुतेक सिंथेटिक. त्या घाम शोषत नाहीत, थर एकमेकांवर सरकतात, धावदोरा धरत नाही. जुन्या सुती चादरी, धोतरे, पंचे, सुती ओढण्या साठवाव्यात आणि निदान अंगाला लागणारी बाजू तरी सुती ठेवावी. पहिलीच वाकळ दोन माणसांची करू नये. दुपट्यापासून सुरुवात करावी.

आईची वाकळ मी पुन्हा शिवली. थर त्याच क्रमाने लावले, वर आत्याचे एक लुगडे घातले. ते तिने स्वतः काढून दिले. कडेपासून सुरुवात केली. माझे टाके वाकडे आहेत; मध्यावर फुगा आला तो मोडता आला नाही, तिथे तीन चुण्या आहेत. शेवटच्या रांगा आत्याने घातल्या, तिला सुईत दोरा ओवून द्यावा लागत होता. यंदा घट बसायच्या आधी ती धुतली. नदीला पाणी होते, पण उतरायला घाट उरला नाही, म्हणून गच्चीवर. पिळायला मी आणि माझी मुलगी, दोन टोकांना.