फलक नाही म्हणजे परवानगी नव्हे

घोड नदीकाठचे शिरूर ही पुणे-अहिल्यानगर मार्गावरील बाजारपेठ, तर भीमाकाठचे दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन. बाजार, दवाखाना, कचेरी वा रेल्वेगाडीसाठी आसपासच्या गावांतून लोक या दोन्ही शहरांत वाहने घेऊन येतात. 'नो पार्किंग'चा फलक दिसला नाही, की तेथे वाहन उभे करण्यास हरकत नाही, असा अनेकांचा समज असतो. कायद्याला मात्र तो मान्य नाही.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या वाहनचालनविषयक नियमांनुसार चौक, वळण, पदपथ, पादचारी पट्टे, बसथांबा, तसेच शाळा व रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराजवळ वाहन लावता येत नाही. कोणाचे फाटक अडविणे किंवा उभ्या वाहनाला लागून दुसरी रांग करणे हेही नियमबाह्य आहे. या ठिकाणी स्वतंत्र फलक असण्याची आवश्यकता नाही. रुग्णवाहिका वा अग्निशामक बंब अशाच एखाद्या वाहनामुळे अडकला, तर त्या काही मिनिटांचे मोल जिवाने मोजावे लागते.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा सर्वसाधारण उल्लंघनासाठी पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, तर पुन्हा तसे केल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम १२७ नुसार मनाई असलेल्या जागेवरील वाहन गणवेशातील पोलिस अधिकारी हलवू शकतात. त्याचा खर्च मालकाकडून वसूल केला जातो.

शहराबाहेर धोका अधिक गंभीर होतो. शिरूर आणि दौंड हे उसाचे तालुके. गाळप हंगामात अंधारात रस्त्यावर थांबलेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. इतरांना धोका होईल अशा रीतीने वाहन उभे करण्यास कलम १२२ मनाई करते. वाहन बंद पडल्यास ते शक्य तितके कडेला घ्यावे, धोक्याचे दिवे लावावेत आणि मागे काही अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. ट्रॉलीला मागील बाजूस परावर्तक पट्ट्या असल्याची खात्री निघण्यापूर्वीच करावी.

वाहनतळाची जागा ठरविण्याची तरतूद कलम ११७ मध्ये आहे. राज्य शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ती निश्चित करतो. त्यामुळे जागा अपुरी वाटत असल्यास नागरिकांनी नगर परिषदेकडे लेखी मागणी करणे योग्य ठरेल. मात्र वाहनतळ नसल्याची सबब चौक अडविण्यास पुरेशी ठरत नाही.