मोजणीत न आलेले मूल

ब्रेलचे ठिपके मराठी-कन्नड भेद मानत नाहीत. 1951 साली देशाने भारती ब्रेल स्वीकारली. तिच्यात मराठी 'क' आणि कन्नड 'क' यांचे ठिपके एकच. सीमावादात एवढा समजूतदारपणा कोणी दाखवला असेल तर तो या ठिपक्यांनीच! पण ते ठिपके शिकवणाऱ्या गुरुजींची भाषा पोराला कळायला हवी ना?

सीमाभागातील मराठी घरातल्या दिव्यांग मुलाला कागदावर दुहेरी संरक्षण आहे. घटनेचे कलम 350 अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास सांगते. दिव्यांग हक्क कायदा, 2016 म्हणतो की किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळावे. याच कायद्याचे कलम 17 सरकारवर दर पाच वर्षांनी अशा मुलांचे सर्वेक्षण करण्याची जबाबदारी टाकते. कायदा 19 एप्रिल 2017 रोजी लागू झाला, पहिले सर्वेक्षण दोन वर्षांत व्हायचे होते. आपल्या गल्लीत कोणी विचारायला आले होते का, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

हा प्रश्न नुसत्या कागदाचा नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला 10 आणि वरच्या वर्गांना 15 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. तरीही मार्च 2025 मध्ये राज्यांनी पदे जाहीर करावीत म्हणून न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. पदे मुलांच्या संख्येवर ठरणार. घरात बसलेले मूल मोजलेच नाही, तर त्याच्या वाट्याचा शिक्षक येणार कोठून? आणि मोजताना भाषा नोंदवली नाही, तर कन्नड शिक्षक नेमूनही हिशेब पुरा होतो. पोरगे मात्र कोरेच राहते.

सरकारी देखरेख म्हणजे फायलींचा व्याप, संस्था आणि पालक बघून घेतील, असे म्हणणारे आहेत. संस्थांनी आणि आयांनी आजवर खूप ओढले, हे खरेच. पण सरकारी पद संस्था मंजूर करू शकत नाही.

तक्रारीला राज्य दिव्यांग आयुक्त आहेत. त्यांच्या शिफारशीवर काय केले, हे संबंधित खात्याला तीन महिन्यांत कळवावे लागते. भाषेच्या प्रश्नासाठी कलम 350 ब खालील भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आहेत. अर्ज दोघांकडेही द्यावा. त्याआधी एसडीएमसीच्या बैठकीत गावातील अशा प्रत्येक मुलाचे वय, अपंगत्व आणि घरची भाषा ठरावात लिहून घ्यावी व पोच घेऊन प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी.